ताइमेन की हुखेन? एकाच सफरीची संधी असेल तर

सॅल्मनच्या कुळातले सगळेच मासे समुद्रात जातात असं नाही. ताइमेन आणि हुखेन हे सख्खे भाऊबंद जन्मभर नदीतच राहतात. ताइमेन सायबेरिया आणि मंगोलियाचा, हुखेन फक्त युरोपातल्या डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातला. गळ घेऊन यांच्या मागे जायचं ठरलंच असेल, तर कुणाकडे जावं?

आकारात ताइमेनला तोड नाही. सॅल्मन कुळातला तो सर्वांत मोठा मासा. १९४३ साली सायबेरियातल्या कोतुई नदीत सापडलेल्या ताइमेनचं वजन १०५ किलो नोंदलं गेलं आहे. हुखेनही दीड मीटरपर्यंत वाढू शकतो, पण आज मीटरभराचा दिसला तरी भाग्य समजायचं. तरीही माझ्या मते आकार बाजूला ठेवा आणि हंगाम बघा, कारण दोन्ही सफरींचा स्वभाव त्यावरच ठरतो.

मंगोलियात मासेमारी जूनच्या मध्यानंतर खुली होते. एग, उर, ओनोन या नद्यांवर पोचायलाच बराच प्रवास करावा लागतो, मुक्काम तंबूत, आणि खर्चही त्या मानाने मोठा. पण ताइमेन पाण्याच्या वर येऊन भक्ष्य धरतो, आणि ते पाहण्यासाठी हा सगळा खटाटोप करावा. नदी पोहून जाणारे उंदीरसुद्धा तो गिळतो, म्हणून उंदराएवढी, तरंगणारी ‘माशी’ (गळाला लावलेलं बनावट आमिष) प्रवाहावर आडवी ओढत आणतात. मागून पाणी फुगत येतं आणि एकदम फुटतं. त्या क्षणी हात झटकलात तर मासा गेला. बऱ्याचदा पहिला तडाखा नुसता शेपटीचा असतो. दोरीला वजन जाणवेपर्यंत थांबायचं.

हुखेन म्हणजे हिवाळा. स्लोव्हेनियात त्याचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा मध्य. नदीकाठी रस्ते आहेत, गावात मुक्काम होतो, दिवसाचा परवाना मिळतो. पण गळाच्या काठीवर दोरीसाठी असलेल्या कड्यांत बर्फ साचतं, खोल डोहांत जड आमिष तासन्‌तास फिरवावं लागतं आणि कित्येक दिवस साधा झटकाही लागत नाही. तुमच्याकडे चिकाटी असेल तरच इकडे वळा. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी ताइमेनच सुचवेन.

गळ टाकायचाच नसेल, नुसता मासा पाहायचा असेल, तर मात्र निःसंशय हुखेन. वसंतात जोड्या उथळ, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालायला येतात. मादी कुशीवर वळून शेपटीने गोटे उकरते, तांबूस पाठीचा नर बाजूला घुटमळतो, आणि हे काठावरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. पाण्यात मात्र उतरू नका, नंतरही नाही, कारण त्या गोट्यांखाली अंडी असतात.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ताइमेन ‘असुरक्षित’ आहे, हुखेन त्याहून जास्त धोक्याच्या ‘संकटग्रस्त’ गटात. बाल्कनमधल्या त्याच्या उरल्यासुरल्या नद्यांवर जलविद्युत धरणांचं सावट आहे. मंगोलियात ताइमेन सोडून देण्याची सक्तीच आहे. हुखेनच्या बाबतीत पाण्यागणिक नियम बदलतात, पण तोही सोडावाच.

दोन्हींसाठी उलटा दात नसलेला एकच काटा वापरा. फोटोसाठी मासा उचलून धरू नका, डोकं पाण्यातच राहू द्या. हुखेनच्या बाबतीत हे जास्तच पाळा. शून्याखालच्या हवेत ओले कल्ले काही क्षणांतच गोठू लागतात.