व्होल्टची बॅटरी: रिफर्बिश्ड पॅक घ्यावा की ठोकलेल्या गाडीतला?

पहिल्या पिढीची शेवरोले व्होल्ट, म्हणजे प्लगवर चार्ज होणारी आणि पेट्रोल इंजिनही असलेली 2011 ते 2015 ची मॉडेलं, अजून नेमाने चालवणारी मराठी घरं डेट्रॉईटच्या आसपास थोडीथोडकी नाहीत. गाडी इथल्याच हॅमट्रॅमिकच्या कारखान्यात तयार व्हायची आणि आपल्यातले निम्मे लोक या ना त्या मार्गाने गाड्यांच्याच धंद्यात. भारतात ती विकायला आलीच नाही. तळेगावात शेवरोलेच्या गाड्या बनत होत्या तेव्हासुद्धा नाही. त्यामुळे पुण्याच्या मेव्हण्याला फोन करून सल्ला घ्यावा अशी सोय इथे नाही. आपलं आपणच बघायचं.

या गाड्यांची आठ वर्षं किंवा एक लाख मैलांची बॅटरी वॉरंटी केव्हाच संपली. आता गणपतीला चार माणसं जमली की त्यातला एक तरी मला बाजूला घेतो आणि विचारतो, 'तुम्ही बॅटरीचा पॅक बदललात ना? मग कुठला टाकू?' प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

डीलरकडचा नवा पॅक मी यात धरतच नाही. 2022 मध्ये फ्लोरिडातल्या एका 2012 च्या व्होल्टला मिळालेलं डीलरचं कोटेशन सगळीकडे फिरलं होतं, आठवत असेल. एकूण जवळपास 30 हजार डॉलर आणि त्यातले 26 हजारांवर नुसत्या बॅटरीचे. नवी असताना अख्खी गाडीच 40 हजारांच्या आसपास मिळायची. आणि ज्याला गाडी विकून मोकळं व्हायचं आहे त्याने खुशाल विकावी, त्याला हा लेख वाचायची गरज नाही.

'बॅटरी गेली तर गेली, पेट्रोलवर चालवू' असंही काहीजण म्हणतात. रेंज नुसती कमी झाली असेल तर ते चालतं. माझी गाडी उन्हाळ्यात जेमतेम वीस-बावीस मैलांवर आली होती तरी मी बरेच दिवस ओढली. पण पॅक खरोखर बसला तर इंजिनही चालू होत नाही. या गाडीत नेहमीचा स्टार्टर नाहीच. इंजिनला फिरवायचं काम जनरेटर म्हणूनही चालणारी विजेची मोटर करते आणि तिला वीज याच पॅकमधून मिळते. त्यामुळे 'प्रोपल्शन पॉवर इज रिड्यूस्ड' हा संदेश वरचेवर दिसायला लागला की बॅटरीचा निर्णय पुढे ढकलू नये.

उरले दोन मार्ग. एक, रिफर्बिश्ड पॅक: जुन्या पॅकमधले कमकुवत भाग काढून त्या जागी तपासलेले भाग घातलेला, वॉरंटीसकट. दोन, अपघातात बाद झालेल्या गाडीतून काढलेला अख्खा पॅक. माझ्या कॅन्टनच्या मित्राने पहिला घेतला, मी दुसरा. दोघांच्याही गाड्या 2013 च्या आणि कामंही पुढेमागे एकाच हंगामात झाली, त्यामुळे तुलना आपसूकच झाली.

पैशाचं म्हणाल तर बसवण्याच्या मजुरीसकट मित्राला माझ्या जवळजवळ दुप्पट पडले. त्या जादा पैशात त्याला दोन वर्षांची वॉरंटी मिळाली. मला भंगारवाल्याकडून नव्वद दिवसांची, तीही फक्त पॅकची, मजुरीची नाही. कागदावर पाहिलं तर मित्राचा सौदा शहाणपणाचा वाटतो आणि तसं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

सेलच्या बाबतीत मात्र माझं मन आधीपासूनच दुसरीकडे झुकलेलं होतं. या पॅकमध्ये 288 सेल, म्हणजे छोट्या बॅटऱ्या, आहेत, तीन-तीनचे 96 गट आणि ते गट एकामागे एक जोडलेले. अशा जोडणीत सगळ्यात अशक्त गट म्हणेल तेवढंच पॅक देतो. तो रिकामा झाला की बाकीच्या 95 गटांत वीज शिल्लक असून उपयोग नाही. रिफर्बिश्ड पॅकमध्ये वेगवेगळ्या गाड्यांचे, वेगवेगळ्या वयाचे भाग शेजारी येतात. विकणारे ते जुळवून घेतात हे खरं, पण आज सारखं व्होल्टेज दाखवणारे भाग दोन हिवाळ्यांनंतरही सारखेच उतरतील याची खात्री कोण देणार? अख्ख्या पॅकमधले सगळे गट निदान एकत्र म्हातारे झालेले असतात. अर्थात त्या पॅकचंही वय दहा वर्षांच्या वर असतंच, हे विसरून चालणार नाही. मित्राचा पॅक अजून उत्तम चालतोय हेही इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'मायग्रीनव्होल्ट' ॲपवर दोन्ही गाड्यांच्या गटांचं व्होल्टेज पाहिलं तर माझे गट थोडे जास्त एका रांगेत दिसतात, एवढंच. यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नका.

तेव्हा निव्वळ सेलवर माझा निर्णय झाला नसता. तो झाला कूलंटवर.

या पॅकमधून कूलंट फिरतं. सेलच्या मधल्या पातळ पत्र्यांतून जाणारं हे पाणी उन्हाळ्यात पॅक थंड ठेवतं आणि मिशिगनच्या जानेवारीत गरम. त्याची टाकी वेगळी, इंजिनची वेगळी. आता जरा इतिहास. मे 2011 मध्ये सरकारी सुरक्षा संस्थेने एक व्होल्ट बाजूने खांबावर आदळून चाचणी घेतली. पॅकला मार बसला, कूलंट आत गळलं आणि उभ्या गाडीला सुमारे तीन आठवड्यांनी आग लागली. चौकशी झाली, जानेवारी 2012 मध्ये ती बंदही झाली, पण त्या निमित्ताने शेवरोलेची मूळ कंपनी जीएमने गाडीत तीन बदल केले: पॅकभोवतीचा सांगाडा मजबूत केला, टाकीच्या झाकणावर कुणी उगाच हात घालू नये म्हणून पट्टी बसवली आणि टाकीत पातळी मोजणारा सेन्सर घातला.

तो सेन्सर फार काटेकोर आहे. पातळी जराशी खाली गेली की 'सर्व्हिस हाय व्होल्टेज चार्जिंग सिस्टिम' असा संदेश येतो आणि गाडी प्लगवरून चार्ज व्हायला साफ नकार देते. चालते व्यवस्थित, पेट्रोल पीत, पण प्लग लावला की ढिम्म. बरं, कूलंट ओतून पातळी नीट केली तरी संदेश जात नाही. त्यामागचा बिघाडाचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये अडकून बसतो आणि ॲमेझॉनवरच्या वीस डॉलरच्या स्कॅनरला दाद देत नाही. त्याला डीलरकडे असतं तसं टूल लागतं. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही.

पण पॅक बदलताना कूलंट पूर्ण काढावंच लागतं. नवं भरताना व्हॅक्यूम लावला तरी कुठेतरी हवेचा बुडबुडा राहतो; आठ-पंधरा दिवस गाडी फिरली की तो वर येतो आणि पातळी बोटभर खाली उतरते. म्हणजे काम अगदी चोख झालेलं असलं तरी हा संदेश येण्याची शक्यता राहतेच. तो आला की प्रश्न एकच: ज्याने काम केलं तो आत्ता कुठे आहे?

मित्राच्या बाबतीत तो दुसऱ्या राज्यात होता. पॅक विकणाऱ्यांनी फिरता तंत्रज्ञ पाठवला होता. माणूस कामाला हुशार. एका गॅरेजची लिफ्ट दिवसभरासाठी घेतली, संध्याकाळपर्यंत पॅक बसवला, जुना पॅक ट्रकवर चढवला आणि गेला. संदेश आला तेव्हा फोनवर सगळे अतिशय गोड बोलले. वॉरंटी आहे, काळजी करू नका, पुढच्या फेरीत बघू. ती फेरी यायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात जवळच्या डीलरला विचारलं तर 'बाहेरून बसवलेल्या पॅकला आम्ही हात लावत नाही.' हजारो डॉलर बॅटरीत घालून माझा मित्र रोज ऑबर्न हिल्सला पेट्रोलवर जात होता, तेही प्रीमियम, कारण पहिल्या पिढीला साधं चालत नाही. वहिनींनी त्या तीन आठवड्यांत 'नवीन बॅटरी' हे दोन शब्द ज्या सुरात उच्चारले तो सूर मला लिहिता येणार नाही.

माझ्याही गाडीला हा संदेश आला. फरक इतकाच की माझं काम लिव्होनियातल्या एका स्वतंत्र मेकॅनिकने केलं होतं. पूर्वी डीलरकडे हायब्रिडच्याच गाड्या बघायचा, आता स्वतःचं छोटं गॅरेज, आणि जीएमचं जीडीएस2 सॉफ्टवेअर, म्हणजे तेच डीलरवालं टूल, त्याच्या लॅपटॉपवर. शनिवारी सकाळी गाडी नेली, त्याने टाकीत थोडं कूलंट घातलं, कोड पुसला आणि त्याच बैठकीत गाडीच्या डोक्यात बसलेली जुन्या पॅकची क्षमताही रीसेट केली. मी कॉफी संपवेपर्यंत गाडी तयार. पैसे विचारले तर म्हणाला, 'हे होणारच होतं, धरूनच चाललो होतो.'

तर माझं झुकतं माप ठोकलेल्या गाडीच्या पॅकला आहे, पण ते पॅकपेक्षा बसवणाऱ्या माणसाला जास्त आहे. तुमच्या तासाभराच्या अंतरात असं टूल असलेला आणि हाय व्होल्टेजवर हात बसलेला मेकॅनिक नसेल, तर माझा हिशोब तुम्हाला लागू नाही. मग वॉरंटीवाला रिफर्बिश्ड पॅकच घ्या आणि मधले काही दिवस पेट्रोलवर काढायची तयारी ठेवा. हे काम स्वतः अंगणात करायचा विचार मात्र कुणी करू नये. पॅकची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही आत जीवघेणं व्होल्टेज शाबूत असतं आणि तो टीच्या आकाराचा सुमारे दोनशे किलोचा ऐवज खालून काढायला लिफ्टबरोबर उचलता येणारं टेबलही लागतं.

ठोकलेल्या गाडीचा पॅक निवडताना पुढून धडकलेली गाडी शोधा. बाजूने मार बसलेली कितीही स्वस्त मिळाली तरी नको. कारण वर आलंच आहे. पॅक काढण्याआधी गाडी चालू होत होती का ते विचारा, आणि होत असेल तर मैलांच्या आकड्याचा आणि शेवटच्या चार्जवर किती किलोवॉट-तास वापरले त्या पडद्याचा फोटो मागा. नव्या गाडीत हा आकडा दहाच्या थोडा वर असायचा. मी घेतलेल्या पॅकचा नवाच्या आसपास होता आणि तो मला पुरेसा वाटला. आठच्या खाली असेल तर सोडून द्या. भंगारवाले फोटो द्यायला कुरकुरतात, पण तीन-चार जणांना विचारलं की एक देतोच. वर्ष जुळवून घ्या: 2011-12 चे आणि 2013 पासूनचे पॅक सारखे नाहीत, उगाच प्रयोग नको. शक्यतो हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ न टाकणाऱ्या राज्यातला पॅक मिळाला तर बोल्ट आणि जोडण्या गंजलेल्या नसतात, मेकॅनिकचे शिव्याशाप वाचतात.

आणि मेकॅनिकशी बोलताना दर विचारण्याआधी एवढं विचारा: पंधरा दिवसांनी चार्जिंगचा संदेश आला तर तो कोड तू स्वतः पुसशील का, की मला डीलरकडे पाठवशील? 'पुसेन' म्हणाला तर पुढचं बोला. कूलंट तयार मिश्रण केलेलं डेक्स-कूलच हवं, नळाचं पाणी मिसळून केलेलं नको, हेही त्याच वेळी सांगून ठेवा.