पहिलं सदाहरित जंगल: गणेशगुडी की तट्टेकाड?

नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) लावून बदकं मोजायची सवय झालेल्या नाशिककराला सदाहरित जंगल पहिल्या सकाळी रिकामं वाटतं. अर्धा तास नुसते आवाज. मग एकदम कोतवाल, निखार, शिलिंध्री असा मिश्र थवा डोक्यावरून सरकतो आणि पाच मिनिटांत पुन्हा सगळं सामसूम. त्या पाच मिनिटांसाठी गाईड लागतो. तो कानाने पक्षी ओळखतो आणि थवा कुठे निघालाय हे हेरून आपल्याला आधीच पुढे नेऊन उभं करतो.

नाशिकहून पहिल्यांदा जायचं तर आमच्या मते पर्याय दोन: कर्नाटकात दांडेलीजवळचं गणेशगुडी आणि केरळात कोतमंगलमजवळचं तट्टेकाड. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस दोन्हीकडे नेते. गणेशगुडीसाठी मडगावला उतरायचं, पुढे अनमोड घाटातून गाडीने अडीच-तीन तास. तट्टेकाडसाठी त्याच गाडीने थेट आलुवा, आणि तिथून साधारण 50 किमी. गाडीतला वेळ बराच वाढतो, म्हणून चार दिवसांचीच सुट्टी असेल तर तट्टेकाडचा हट्ट धरू नका.

गणेशगुडी काळी नदीकाठी, सुपा धरणाच्या खाली आहे. जंगल निमसदाहरित आणि आर्द्र पानझडी. धरण बांधताना जिथे दारूगोळा ठेवायचे ते ओल्ड मॅगझिन हाऊस आता मुक्कामाचं ठिकाण आहे. तिथे पाण्याच्या उथळ कुंड्यांसमोर बसून पक्षी पाहता येतात. पाचू कवडा, कस्तूर, लाल गळ्याचा बुलबुल, निळे माशीमार अगदी जवळ अंघोळीला उतरतात. फेब्रुवारीनंतर जंगलातलं पाणी आटत जातं तशी कुंड्यांवरची वर्दळ वाढते. गुडघे दुखणारे आई-बाबा, लहान मुलं किंवा फोटोचा नाद असेल तर हेच निवडा. या पट्ट्यात महाधनेशासह धनेशाच्या चार जाती आहेत, आणि नदीकाठी निळ्या कानांचा खंड्या शोधता येतो. एकच सांगणं: सगळा वेळ कुंडीपाशी घालवला तर पक्षी दिसतील, जंगल कळणार नाही. एक सकाळ तरी गाईडसोबत चाला.

तट्टेकाडचं डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य 1983 सालचं, जेमतेम 25 चौरस किमीचं, पेरियार नदीलगत. इथे भर चालण्यावर असतो. कर्णा पक्षी मधल्या फांदीवर पाठ करून निश्चल बसतो. पोटाचा लाल रंग पलीकडे राहतो आणि आपण त्याच्या खालून निघून जातो. बेडूकतोंड्या या निशाचर पक्ष्याची तर गंमतच. नर करडा, मादी तांबूस, दिवसा दोघं अंगाला अंग लावून वाळक्या पानांसारखी बसतात. चाहूल लागली की चोच वर करून मोडक्या फांदीसारखी ताठ होतात. हा पक्षी गणेशगुडीच्या बाजूलाही आहे, पण तट्टेकाडचे गाईड त्याच्या दिवसाच्या बैठकीच्या जागांवर रोज लक्ष ठेवून असतात. जोडी ताठ झाली की आपण फार जवळ गेलो असं समजून मागे सरकायचं. फ्लॅश अजिबात नको. तट्टेकाडला किमान तीन सकाळी हव्यात. पहिली तर अंधाराला डोळे सरावण्यातच जाते.

दुर्बीण 8x42 (आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) घ्या. 10x42 मधून डोळ्यात येणारं प्रकाशाचं वर्तुळ 4.2 मिमीचं, 8x42 मधून 5.25 मिमीचं; झाडांखालच्या अंधुक उजेडात हा फरक लगेच जाणवतो. शिवाय दृश्य रुंद असल्याने हलता पक्षी पटकन सापडतो. स्कोप घरीच ठेवा. एसी खोलीतून थेट बाहेर आलात तर काचांवर वाफ धरते, म्हणून दुर्बीण रात्री बाल्कनीत, पिशवीत ठेवावी.

दोन्हीकडे डिसेंबर ते मार्च उत्तम. केरळात ऑक्टोबर-नोव्हेंबरला परतीच्या पावसामुळे दुपारी धो-धो सरी येतात आणि जळवा सुटतात. लीच सॉक्स (जळवा रोखणारे लांब मोजे) पँटवरून चढवा. जळू चिकटलीच तर ओढू नका. तिच्या तोंडाशी नख कातडीला लावून सरकवा, सुटते.

गाईड ठरवताना तीन गोष्टी विचारा: एका गटात किती जण, सकाळी किती वाजता निघणार, आणि स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी बोलावणार का. चारपेक्षा जास्त जण असतील तर अरुंद वाटेवर मागच्यांना पक्ष्याऐवजी पुढच्याची पाठ दिसते. उजाडायच्या आत निघणारा हवा. आणि विणीच्या दिवसांत स्पीकर वाजवणारा गाईड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका: खोट्या प्रतिस्पर्ध्याला हाकलायला नर घरटं सोडून येतो, आणि तेवढ्यात मागे अंडी उघडी पडतात.