नागपूर–मुंबई: विमान, कार की रेल्वे? हिशेब इंधनाचा

तिकिटाचे दर आणि लागणारा वेळ तुम्ही पाहिलाच असेल. इथे फक्त इंधनाचा हिशेब. आकडे ढोबळ आहेत, थोडे मागे-पुढे झाले तरी क्रम बदलेल असं वाटत नाही.

१८० आसनांचं ए३२० जातीचं विमान या सातशे किलोमीटरना अडीच ते तीन टन इंधन घेतं. बहुतेक जागा भरलेल्या धरल्या तर माणशी साधारण २० लिटर. पासष्ट टनांचं वजन दहा-अकरा किलोमीटर वर न्यायलाच पाचशे किलोच्या आसपास जातं. उतरताना त्यातलं काही वसूल होतं, पण पल्ला छोटा असल्याने चढाईचा बोजा प्रत्येक किलोमीटरवर जास्त पडतो.

समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० च्या तुलनेत जवळपास पावणेदोन पट. ९० ला १८ चं मायलेज देणारी पेट्रोल सेडान १२० ला १४ वर येते. मुंबईतल्या घरापर्यंत पावणेआठशे किलोमीटर धरा, म्हणजे ५५ लिटर. एकटे निघालात तर हे विमानाहून वाईट. चौघे असाल तर माणशी १४. स्लीपर ट्रॅव्हल्स लिटरला साडेतीन किलोमीटर देते आणि तीसेक प्रवासी नेते, म्हणजे माणशी सात-साडेसात लिटर डिझेल. बसला उगाच नावं ठेवतात.

रेल्वेचं अंतर सर्वांत जास्त, ८३७ किलोमीटर. इंजिनासह बाराशे टनांच्या एलएचबी (नव्या धाटणीच्या डब्यांच्या) गाडीला एवढ्या वाटेवर ढोबळमानाने २० हजार युनिट वीज लागते. प्रवासी बाराशे धरले तर माणशी सतरा युनिट. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांची राख पाहिलेला माणूस लगेच म्हणेल, वीज तर कोळशाचीच. खरं आहे. कोळशातली एक तृतीयांशच ऊर्जा विजेत उतरते, म्हणून सतराचे पन्नास धरू. तरीही ते पाच लिटर डिझेलएवढंच होतं. विमानाचे २० लिटर याच मापात दोनशेच्या घरात जातात.

एवढं असूनही घाईत विमानाकडे मन वळतं. माझ्यापुरता निकाल लावला तो उतरण्याआधीच्या चकरांनी. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात थांबवून ठेवावं लागतं. खाली तीच खाडी पुन्हा दिसते, घड्याळ पुढे सरकतं आणि मिनिटाला ३५-४० किलो इंधन जळत राहतं. पाव तासात अर्धा टन गेलं, अंतर मात्र शून्य कापलं! गाडी औटरला अडकली की आपण वैतागतो, पण उभ्या गाडीला एसी-दिव्यांपुरतीच वीज लागते. पुन्हा ११० चा वेग घ्यायला दोनशेच्या आत युनिट. कोळशातला तोटा धरूनही विमानाच्या मिनिट-सव्वा मिनिटाच्या चकरेएवढं. खोळंबा दोन्हीकडे आहे, पण त्याची किंमत इतकी वेगळी आहे की मला ती विसरता येत नाही.

घरात आजारपण असेल किंवा त्याच दिवशी परतायचं असेल तर विमान घ्या, त्यात वाद नाही. बाकी वेळी रात्रीची गाडी बघा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि सणासुदीला वेटिंग झपाट्याने वाढतं, तेव्हा पहिल्याच सकाळी काढलेलं बरं. डबा निवडताना थर्ड एसी घ्या: एलएचबीच्या त्याच लांबीच्या डब्यात तिथे ७२ बर्थ असतात, फर्स्ट एसीत २४. फर्स्टमध्ये तुमच्या वाट्याचा खर्च जवळपास तिप्पट होतो आणि विमानाशी असलेला फरक बराच आटतो. कन्फर्म बर्थ मिळालीच नाही, तर मी विमानाआधी स्लीपर बस बघेन.