चर्चच्या सभागृहात विकला गेलेला ‘वीज बचत’ डबा

सॉकेटमध्ये एक छोटा डबा लावा आणि विजेचं बिल तीस-चाळीस टक्क्यांनी कमी करा, असं सांगणारा कुणी तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या चर्चच्या परिसरातल्या कॅथलिक समाजात, आला असेल किंवा येणार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमच्याकडे तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात आला. बऱ्याच कुटुंबांनी डबा घेतला, आमच्या घरीही एक आला. पुढे त्याच माणसाने सौर पॅनलच्या नावाखाली आगाऊ रक्कम गोळा केली, ती आजतागायत कुणाला परत मिळालेली नाही.

तो आल्या आल्या काही विकायला लागला नाही. आधी नियमित मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, येऊ लागला. गायनवृंदात उभा राहायचा, मिस्सा संपल्यावर म्हाताऱ्या माणसांना हात धरून पायऱ्या उतरवायचा, आजाऱ्यांची विचारपूस करायचा. लोक त्याला नावाने हाक मारू लागले, मग त्याने फादरांकडे विषय काढला. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ सालचं ‘लाउदातो सी’ हे पत्र त्याच्या हातात असायचं. पृथ्वी हे आपल्या सगळ्यांचं घर आहे, त्याची काळजी घेणं हा श्रद्धेचाच भाग आहे, हे त्यातलं म्हणणं तो छान समजावून सांगायचा. आता ते पत्र मी स्वतः वाचलंय. गरज नसलेले दिवे बंद करा, कचरा वेगळा करा, घर तापवण्यापेक्षा अंगात गरम कपडे घाला, अशा साध्या वागणुकीबद्दल त्यात लिहिलंय. विकत घ्यायच्या कुठल्याही यंत्राचा त्याच्याशी संबंध नाही. पण पवित्र गोष्टीच्या शेजारी माल ठेवला की मालालाही मान मिळतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

फादरांनी मिस्सानंतरच्या घोषणांमध्ये एवढंच सांगितलं होतं, की सभागृहात वीजबचतीबद्दल माहिती दिली जाणार आहे. त्याच्या पत्रकावर मात्र ‘धर्मग्रामाच्या सहकार्याने’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. ते छापायला ना फादरांची परवानगी होती, ना धर्मग्रामाचा कारभार पाहणाऱ्या परिषदेची. लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मावशींना मी विचारलं, नीट चौकशी केलीत का? त्या म्हणाल्या, “फादरांनी सांगितलंय ना, मग झालं.” सभागृहातल्या बहुतेकांच्या मनात तेच होतं.

त्या दिवशी त्याने काय दाखवलं ते नीट सांगते, कारण हाच प्रयोग जागोजागी केला जातो. टेबलावर एक छोटी मोटर, ती जोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डाकडे येणाऱ्या वायरला अडकवलेला क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरमधला प्रवाह मोजणारा चिमटा. मोटर सुरू केली, मीटरवर अँपिअरचा, म्हणजे प्रवाहाचा, आकडा आला. मग त्याने त्याच बोर्डावरच्या बाजूच्या सॉकेटमध्ये डबा लावला. डब्यावर हिरवा दिवा लागला आणि मीटरवरचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला. सभागृहात टाळ्या वाजल्या. आकडा खरा होता, हातचलाखी काहीच नव्हती. खोटा होता तो त्यातून काढलेला अर्थ.

घरातलं मीटर अँपिअर मोजत नाही, युनिट मोजतं. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालवल्यावर खर्च होणारी ऊर्जा. आणि वॅट काढायचे तर व्होल्ट, अँपिअर आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या प्रवाहातला किती वाटा खरोखर कामी येतो ते सांगणारा आकडा) या तिघांचा गुणाकार करावा लागतो. मोटरीसारखं उपकरण आपल्या चुंबकीय क्षेत्रासाठी थोडा प्रवाह घेतं आणि क्षणात परत करतं, हातउसने घेऊन लगेच फेडावेत तसं. डबा ही देवाणघेवाण जवळच्या जवळ उरकतो, म्हणून बोर्डाकडे येणाऱ्या वायरमधला प्रवाह कमी दिसतो. समजा २३० व्होल्टवर मोटर २ अँपिअर घेते आणि पॉवर फॅक्टर ०.५ आहे, तर खर्च २३० वॅट. डबा लावल्यावर प्रवाह १ अँपिअर झाला आणि पॉवर फॅक्टर १ झाला, तरी खर्च २३० वॅटच. अँपिअर निम्मे झाले, बिल होतं तिथेच राहिलं. मोठ्या कारखान्यांना कमी पॉवर फॅक्टरसाठी जास्त पैसे भरावे लागतात, त्यामुळे तिथे अशी व्यवस्था खरोखर उपयोगाची असते. विक्रेते कारखान्यातली हीच खरी गोष्ट उचलून घरातल्या माणसाला ऐकवतात. घरगुती बिलात वापरलेल्या विजेचे पैसे साधारणपणे नुसत्या युनिटवर ठरतात.

आमच्या तरुण संघातला एक मुलगा वायरमनचं काम करतो. त्याने पुढे आमचा डबा उघडला. आत एक कपॅसिटर, म्हणजे पंख्यात ज्याला कंडेन्सर म्हणतात तोच, शेजारी हिरव्या दिव्यापुरती छोटीशी पट्टी आणि एक फ्यूज. बाकी डबा रिकामा. घेतलेल्या किमतीत असे कंडेन्सर ढीगभर आले असते. त्यातून तो हिरवा दिवा चोवीस तास जळतो, म्हणजे थोडी का होईना, डबाच वीज खातो.

तरीही काही घरांत बिल खरोखर कमी आलं आणि फसवणूक त्यामुळेच लांबली. डब्यासोबत त्याने एक कागद दिला होता. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करा, टीव्ही रिमोटने बंद करून सोडू नका, मागचं बटणही बंद करा, गीझर गरजेपुरता लावा, जुने बल्ब काढून एलईडी लावा. उपवासकाळ होता, लोकांनी ते व्रतासारखं मनापासून पाळलं. ६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, तर दहा तासांना ०.६ युनिटच्या जागी ०.०९ युनिट लागतं. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्धं युनिट जातं, मग घरात एका माणसाने थंड पाण्याने आंघोळ केली तरी मीटरवर फरक दिसतो. बचत झाली ती माणसांच्या कष्टाने, श्रेय घेऊन गेला डबा. आणि एका सभासदाने सर्वांसमोर उभं राहून साक्ष दिली, की माझं बिल उतरलं. तो अगदी सच्चा माणूस आहे, खोटं बोलला नाही. पण साक्षीच्या वेळी आपल्याकडे कुणी उलटा प्रश्न विचारत नाही, आणि त्या विक्रेत्याने हे हेरून ठेवलं होतं.

प्रत्येक डब्यामागे ठरावीक रक्कम चर्चच्या इमारत निधीला देतो, असंही त्याने सांगितलं होतं. निधीत काहीच जमा झालं नाही. ते लक्षात येण्याआधीच त्याने पुढची गोष्ट काढली. घराच्या छपरावर दोन सौर पॅनल, त्यावर सगळं घर चालेल, एसीसुद्धा. आगाऊ नोंदणी रविवारपर्यंतच, पैसे त्याच्या वैयक्तिक खात्यात. साधं गणित करा. चारशे वॅटचे दोन पॅनल म्हणजे ०.८ किलोवॅट. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात दिवसभरात पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळाली तरी चारच युनिट होतात. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास खातो. तीन तासही पुरत नाही, मग पंखे, फ्रिज आणि गीझर कशावर चालणार? हे आधी कुणी विचारलं असतं तर तो निरुत्तर झाला असता. पैसे जमा झाले, त्यानंतर तो मिस्साला दिसला नाही आणि फोन बंद लागू लागला.

यापुढचं मला जास्त लागलं. मी परिषदेत विषय मांडला, तेव्हा काही जण म्हणाले, झालं गेलं विसरून जा, चर्चचं नाव खराब होईल. एकाने तर मलाच ऐकवलं, की आपल्याला क्षमा करायला शिकवलंय. मी क्षमा करीनही, पण ती माझ्या पैशांपुरती. पेन्शनवर जगणाऱ्या मावशींचे पैसे माफ करायचा अधिकार मला कुणी दिला? आणि आज दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामात तो पोपचं हेच पत्र हातात घेऊन बसला असेल, तिथल्या माणसांना आमचं गप्प राहणं महागात पडणार आहे. आपल्यातलाच होऊन फसवणं काही नवीन नाही. १९२० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये चार्ल्स पोन्झीच्या, नव्यांच्या पैशांतून जुन्यांना नफा देणाऱ्या फसव्या योजनेत पैसे घालणाऱ्यांत त्याच्यासारखेच इटलीहून आलेले पुष्कळ लोक होते. तशाच फसव्या गुंतवणूक योजनेसाठी २००८ मध्ये अटक झालेल्या अमेरिकेतल्या बर्नार्ड मेडॉफने त्याच्याच ज्यू समाजातल्या धर्मादाय संस्थांना बुडवलं. लाज वाटून घरात बसणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. तुम्ही भोळे होतात म्हणून हे झालं नाही. एकमेकांवर विश्वास टाकायची तुमची सवय त्याने ओळखली आणि वापरली.

डबा घरात आलाच असेल तर तो खरा की खोटा हे मीटरच सांगेल. बहुतेक डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, तो आकडा शेजारी छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करून ७५ वॅटचा एकच पंखा पूर्ण वेगात चालवा आणि दहा मिनिटं मोजा. दिवा साधारण ४० वेळा लुकलुकेल. मग डबा लावून पुन्हा दहा मिनिटं मोजा. आमच्याकडे फरक पडला नाही. विक्रेता समोर असेल तर त्याला क्लॅम्प मीटर बाजूला ठेवायला सांगा आणि ही मोजणी त्याच्यादेखत करा.

आता आमच्या परिषदेने ठरवलंय, की मिस्सानंतरच्या घोषणांत कुठल्याही विक्रीचा उल्लेख होणार नाही आणि परिषदेच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही पत्रकावर चर्चचं नाव छापता येणार नाही. काही कुटुंबांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यासाठी पावत्या, पैसे पाठवल्याच्या नोंदी, त्याचे मेसेज आणि ते पत्रक, सगळं जपून ठेवलेलं उपयोगी पडलं. पैसे हातात रोख दिलेल्यांकडे कागद नाही. त्यांनी पैसे देताना सोबत कोण होतं ते आठवून लिहून काढलंय, आणि त्या साक्षीदारांचे जबाब नोंदवून घ्यावेत, यासाठी आम्ही पाठपुरावा करत आहोत.