किलोच्या भावाने कापडं विकली आणि हात चोळत बसले

मोठं होणारे हे, आधीच सांगते. ज्यांच्या कपाटात क्विल्टिंगची (तुकडे जोडून गोधडी शिवायची) कापडं साठून पडलीयेत आणि जे ती विकून मोकळं व्हायचं म्हणतायत त्यांनी तरी वाचा, बाकीच्यांनी सोडून दिलं तरी चालेल.

अकरा वर्षांत जमवलेला स्टॅश, म्हणजे कापडांचा साठा, होता माझा. खरं सांगायचं तर शिवलं कमी आणि जमवलं जास्त, आवडलं प्रिंट की घे अर्धा मीटर, काय करायचं ते नंतर बघू, असं करत करत कपाट भरलं. मग मनगटाचं दुखणं सुरू झालं, रोटरी कटर (कापड कापायचं गोल पात्याचं हत्यार) दहा मिनिटं धरला की रात्रभर ठणका, तेव्हा एक दिवस ठरवलं की बास आता, हे सगळं कुणाच्या तरी कामी येऊ दे. बाथरूममधल्या वजनकाट्यावर आधी मी एकटी उभी राहिले मग खोका घेऊन उभी राहिले, असं करत वजन काढलं तर २८ किलो भरलं. मलाच लाज वाटली.

आता माझी पहिली चूक इथेच झाली. जाहिरातीत मी किंमत टाकलीच नाही. "सगळं एकदम द्यायचंय, किंमत बोलून ठरवू" एवढंच लिहिलं, कारण एकेक तुकडा मोजून त्याचा भाव काढायचा कंटाळा आला होता. ज्याला भाव माहीत नाही त्याला समोरचा भाव सांगतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. आणि फोटो काढले नऊ. फोटो फार छान आले होते हो, त्याचंच तर वाईट वाटतं. मी सगळी कापडं सहा इंची पट्टीभोवती गुंडाळून घडी घालते, म्हणजे सगळ्या घड्या एकसारख्या होतात आणि पुस्तकांसारख्या उभ्या लावता येतात. रंगांप्रमाणे लावून, घडीची बाजू पुढे, काठ आत, असे ते फोटो. काठ आत, हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

वीस मिनिटांत मेसेज आला एका बाईचा. आणि काय प्रश्न विचारले तिने! "ताई, धुवून ठेवलंय की दुकानातून आणलं तसंच आहे? घरात कुणी सिगारेट ओढतं का? कुत्रं मांजर? डांबरगोळ्या टाकल्यात का कपाटात? उन्हाच्या बाजूला होतं का कपाट, घडीवर रंग उडालाय का?" मला इतकं बरं वाटलं, म्हटलं ही आपल्यातलीच आहे, जाणकार आहे. मी सगळं खरं खरं सांगितलं. धुतलेलं नाही, गडद लाल आणि निळे बरेच आहेत, खिडकीच्या बाजूच्या थोड्या घड्यांवर उजळ रेघ आलीये. आज तो चॅट वाचला की वाटतं ती माल तपासत नव्हती, पुढे कुठली तक्रार करायची त्याची यादी माझ्याच तोंडून काढून घेत होती.

भावाचं निघालं तेव्हा म्हणाली की एवढा माल कुणी तुकड्यावर घेत नाही, लॉट नेहमी किलोवरच जातो. आणि तिने किलोला जो आकडा सांगितला तो ऐकायला मोठा वाटला, नव्या कापडाच्या एका मीटरच्या भावापेक्षा थोडा जास्तच होता. मी गुणिले २८ केलं आणि खूश झाले. भागाकार केलाच नाही. तो नंतर केला, तुम्ही आधी करा. क्विल्टिंगचं सुती कापड साधारण १४० ते १५० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतं, पन्हा म्हणजे रुंदी असते ४२ ते ४४ इंच, म्हणजे एक मीटर कापडाचं वजन होतं साधारण १५० ते १६८ ग्रॅम. म्हणजे एका किलोत सहा ते साडेसहा मीटर कापड बसतं. सहा मीटर देऊन मी एका मीटरचे पैसे घेत होते! फॅट क्वार्टरचं तर अजून वाईट. १८ बाय २२ इंचाचा तो तुकडा ३६ ते ३८ ग्रॅमचा, किलोत २६ ते २८ बसतात. माझ्याकडे एकाच कलेक्शनचं २० फॅट क्वार्टरचं बंडल होतं, रिबन न सोडलेलं, आता ते प्रिंट छापत नाहीत, शोधणारे लोक शोधत असतात. काट्यावर ते बंडल पाऊण किलो. आणि उन्हात विटलेल्या ठिपक्यांच्या कापडाचे पाऊण किलो पण तेवढेच. काट्याला दोन्ही सारखेच.

बरं, भाव कमी मिळाला ही काही फसवणूक नाही, तो माझा गाढवपणा. फसवणूक पुढे आहे.

ठरलं असं की अर्धे पैसे आधी, अर्धे माल मिळाल्यावर. मला ते अगदी न्यायाचं वाटलं, तिचाही धोका अर्धा माझाही अर्धा. अर्धे पैसे खरंच आले, मी खात्यात जाऊन बघितले. मी १४-१४ किलोचे दोन खोके केले, चांगलं कापड चुरगळू नये म्हणून रंगाप्रमाणेच भरलं, वर एक आभाराची चिठ्ठी पण ठेवली (हसू नका), आणि पाठवून दिलं.

माल पोचल्याचा मेसेज आला, आणि मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी एक फोटो आला. पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग, शेजारी माझं लाल कापड ओलं केलेलं. "ताई मी तुमच्यावर आरोप करत नाही हं, पण रंग सुटतोय. आणि एका खोक्यातलं बरंचसं पॉलिकॉटन निघालं, तुम्हालाही दुकानदाराने फसवलं असणार." (पॉलिकॉटन म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेलं सुती.) तुम्हालाही! काय शब्द वापरलाय बघा. न धुतलेलं गडद लाल कापड गरम पाण्यात टाकलं तर बऱ्याचदा रंग सोडतंच, हे क्विल्टिंग करणाऱ्या कुणालाही माहितीये, मलाही माहिती होतं. पण त्या क्षणी मला फक्त अपराधी वाटलं. तिनेच मग तोडगा सुचवला. एक खोका ती ठेवणार, त्याचे पैसे मला आधीच मिळालेत. दुसरा, खराब निघालेला, ती परत पाठवणार. हिशेब मिटला. परतीचा कुरियर तेवढा मी भरायचा, कारण माल माझा खराब होता. मी भरला. वर सॉरी म्हटलं.

खोका आला. पावतीवर वजन १४ किलो २०० ग्रॅम, मी पाठवला तेव्हाच्या पावतीवर पण १४ किलो २००. ग्रॅमला ग्रॅम. मी उघडला आणि आधी वास आला डांबरगोळ्यांचा. मी आयुष्यात डांबरगोळी वापरलेली नाही, मला शिंका येतात त्याने. वरचा थर माझाच होता, खिडकीकडच्या त्या उजळ रेघवाल्या घड्या, सहा इंची. त्याच्या खाली हात घातला तर घड्या मोठ्या लागल्या, ढिल्या, हाताने घातलेल्या. कापड बोटांना गुळगुळीत, जरा सरकणारं. सुती कापड हातात घेऊन घेऊन बोटांना सवय झालेली असते, डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं.

तरी म्हटलं उगाच कुणावर आळ नको. किचनमध्ये जाऊन एका तुकड्याचे चार धागे ओढले, चिमट्यात धरून सिंकवर काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो, वास पण जळक्या कागदाचा, आणि उरलेली राख बोटात चिरडली की पावडर होते. हे आधी आकसलं, मग थेंबासारखं गोळा झालं, आणि विझल्यावर चिमट्याच्या टोकाला काळा कडक मणी राहिला. नखाने दाबून बघितला, फुटेना. असे मी एकूण अकरा तुकडे जाळले, प्रत्येकाचा मणी. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला आता पुरे कर, अलार्म वाजेल.

मग मी काठ शोधायला लागले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्विल्टिंगच्या चांगल्या कापडाच्या काठावर कंपनीचं नाव, कलेक्शनचं नाव, डिझायनरचं नाव आणि प्रिंटमध्ये वापरलेल्या रंगांचे छोटे गोल छापलेले असतात, कधी कधी सालसुद्धा. कापडाची ओळख तिथे असते. या कापडांचे काठ कापून टाकलेले होते. सगळ्यांचे, सरळ रेषेत, कटरने.

मी तिला फोटो पाठवले, की हे माझं नाहीये. ती चिडली नाही, उलट एकदम थंड. "ताई, तुमच्या जाहिरातीतल्या फोटोत दाखवा ना यातलं कुठलं नव्हतं ते." आणि मी नऊ फोटो उघडून बसले. घड्यांच्या कडा. निळ्या, हिरव्या, पिवळ्या, नुसत्या अर्ध्या इंचाच्या रंगीत कडा. एकाही फोटोत काठ दिसत नाही. एकाही कापडाचं पूर्ण प्रिंट दिसत नाही. तिने भरलेलं पॉलिकॉटन पण निळं हिरवं पिवळंच होतं, बघूनच निवडलं असणार. विक्रीच्या साइटवर तक्रार केली तर त्यांनी विचारलं, जाहिरातीत काय लिहिलं होतं? "मिक्स लॉट, २८ किलो." किती परत आलं? पाठवलं तेवढंच वजन. तक्रार बंद. तिचं अकाउंट आठवड्याभरात दिसेनासं झालं.

रात्री झोप लागेना तेव्हा डोक्यात हेच फिरत होतं की तिने मला किलोवर का आणलं. फक्त स्वस्तात पाडायला नाही. एकदा मी वजन हेच माप मान्य केल्यावर माझ्या मालाला नाव उरलं नाही, तो नुसता १४ किलो झाला, आणि १४ किलो कशानेही भरता येतात. तुकड्यावर विकलं असतं, अमुक प्रिंट इतके मीटर असं लिहिलं असतं, तर तिला परत काय पाठवता आलं असतं? आणि अर्ध्या पैशांत अर्धा माल, यात दिसायला मी बुडाले नाही असंच दिसतं. मलाईचा खोका तिच्याकडे, एक मीटरच्या भावात सहा मीटर, आणि माझा दुसरा खोका तर फुकटच गेला की. म्हणजे बारा मीटर देऊन एका मीटरचे पैसे.

नंतर माळ्यावर एक विसरलेली बॅग सापडली, पाच-सहा किलोची. ती मी वेगळ्या पद्धतीने विकली, आणि वेळ लागला पण नीट विकली गेली. प्रत्येक कापड उलगडून मोजलं. अर्ध्या मीटरच्या वरचे तुकडे वेगळे, फॅट क्वार्टर वेगळे, अडीच इंची पट्ट्यांचे रोल आणि पाच इंची चौकोनांची पाकिटं न उघडता तशीच ठेवली, कारण ती उघडली आणि मोजली की समोरच्याला शंका येते की चांगले तुकडे काढून घेतले का. साधारण चालू प्रिंटला नव्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत मिळाले, ज्यांची छपाई बंद झालीये त्यांना त्याहून बरे, विटलेल्यांना जवळपास काही नाही. किलोवर दिल्या फक्त चिंध्या, म्हणजे हाताच्या पंजाएवढे तुकडे, तिथे किलोच बरोबर आहे.

फोटोत आता प्रत्येक कापडाचा एक कोपरा उलगडलेला, काठावरचं नाव वाचता येईल असा, बाजूला टेप आणि माझं नाव नि तारीख लिहिलेली चिठ्ठी. फॅट क्वार्टरला एकाच बाजूला काठ असतो आणि छापलेलं नाव प्रत्येकावर पूर्ण येतंच असं नाही, अर्धं अक्षर असलं तरी तेच दाखवायचं. शिवाय मी प्रत्येक तुकड्याच्या काठात केशरी दोऱ्याचा एक टाका घातला, आतल्या बाजूने, आणि त्याबद्दल कुणाला बोलले नाही (आता तुम्हाला बोलले, पुढच्या वेळी रंग बदलीन). पॅकिंग करताना पहिल्या घडीपासून टेप चिकटवेपर्यंत सलग एक व्हिडिओ, मधे कट नाही. पैसे पूर्ण आधी, आणि स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. परतीचं जाहिरातीतच लिहून टाकलं, की परत करायचं तर अख्खा लॉट, अर्धामुर्धा नाही. त्यावर एक दोघी नाराज होऊन गेल्या, गेल्या तर गेल्या. खऱ्या घेणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

एका घेणाऱ्या बाईने पण तेच विचारलं, डांबरगोळ्या टाकल्यात का. माझे हात गार पडले. पण तिला खरंच त्याची ॲलर्जी होती बिचारीला, फोनवर बोललो, चांगली निघाली.

तो पॉलिकॉटनचा खोका अजून पलंगाखाली आहे. बाल्कनीत ठेवून वास जरा गेलाय. नवरा म्हणतो विकून टाक. विकायला काढलं तर पॉलिकॉटन आहे, काठ कापलेत, हे लिहावं लागेल, आणि एवढं लिहिल्यावर कोण घेणारे.