एमआयटीचा अल्गोरिदम अभ्यासक्रम: वर्गात काही महिने वापरल्यानंतर

संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला ‘डिझाइन अँड अ‍ॅनालिसिस ऑफ अल्गोरिदम्स’ (अल्गोरिदम म्हणजे प्रश्न सोडवण्याच्या ठरावीक पायऱ्या) हा विषय शिकवताना गेले काही महिने मी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या ‘ओपनकोर्सवेअर’ या मोफत संकेतस्थळावरील ६.०४६ क्रमांकाचा अभ्यासक्रम जोडीला वापरत आहे. एरिक डीमेन, श्रीनिवास देवदास आणि नॅन्सी लिंच यांनी २०१५ साली शिकवलेली ही व्याख्याने, टिपणे, गृहपाठ व त्यांची उत्तरे विनामूल्य उपलब्ध आहेत. विषयाची ओळख करून देण्यासाठी त्यातील पहिल्या व्याख्यानाइतके उपयुक्त साहित्य मला दुसरीकडे मिळालेले नाही.

आपल्याकडे ग्रीडी (दर टप्प्याला त्या क्षणी सर्वांत चांगला वाटणारा पर्याय घेणे), डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (लहान उपप्रश्नांची उत्तरे साठवून मोठा प्रश्न सोडवणे), एनपी-कम्प्लीटनेस (ज्यांची झटपट सोडवणूक अजून कोणालाच माहीत नाही, अशा प्रश्नांचा अभ्यास) हे सहसा स्वतंत्र युनिट म्हणून शिकवले जातात आणि परीक्षेपर्यंत विद्यार्थ्यांच्या मनात ते स्वतंत्रच राहतात. देवदास यांचे सुमारे ८० मिनिटांचे पहिले व्याख्यान मात्र एकाच प्रश्नावर उभे आहे: सुरुवातीची व शेवटची वेळ ठरलेल्या अनेक मागण्यांपैकी एकमेकींवर न येणाऱ्या जास्तीत जास्त मागण्या कशा निवडाव्यात?

मी हा प्रश्न सभागृहाच्या आरक्षणाच्या रूपाने फळ्यावर मांडतो. ९ ते ११, ११ ते १ आणि १०:४५ ते ११:१५ अशा तीन मागण्या आहेत. सर्वांत लहान कार्यक्रम आधी घ्यावा, असे बहुतेक विद्यार्थी सुचवतात. पण मधला अर्ध्या तासाचा कार्यक्रम घेतला की उरलेले दोन्ही हातचे जातात. सर्वांत आधी संपणारा कार्यक्रम निवडण्याचा ग्रीडी नियम मात्र नेहमी बरोबर ठरतो, कारण कोणत्याही सर्वोत्तम निवडीतला पहिला कार्यक्रम काढून त्याच्या जागी सर्वांत आधी संपणारा ठेवला, तरी पुढच्यांना अडथळा होत नाही आणि संख्याही घटत नाही. नियम सुचणे आणि तो सिद्ध करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे इथे पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

यानंतर प्रत्येक मागणीला मूल्य दिले जाते. ९ ते १ या कार्यक्रमाचे मूल्य ५ आणि ९ ते ११ व ११ ते १ यांचे प्रत्येकी १ धरले, तर आधीचा नियम २ मिळवून थांबतो. इथे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग लागते. पुढे एका सभागृहाऐवजी मागण्या पुरवणारी अनेक यंत्रे आहेत, ती निरनिराळ्या प्रकारची असून प्रत्येक मागणी ठरावीक यंत्रांवरच चालते, एवढी अट वाढवली की प्रश्न थेट एनपी-कम्प्लीट होतो. प्रश्नातील एका शब्दाने त्याची जातच बदलते, ही जाणीव करून देणे हाच मला या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

दुसऱ्या व्याख्यानातील मीडियन (क्रमाने लावल्यास मधोमध येणारी संख्या) शोधण्याची पद्धतही मोलाची आहे. तीत संख्यांचे छोटे गट करून प्रत्येक गटाचा मीडियन काढतात आणि त्या मीडियनांच्या मीडियनने यादी दोन भागांत विभागतात. पाच-पाचचे गट का करायचे, तीन-तीनचे का नाहीत, हे रिकरन्स (मोठ्या प्रश्नाला लागणारा वेळ लहान प्रश्नांच्या वेळेतून मांडणारे समीकरण) मांडून तपासायला लावले तर तास सहज रंगतो: पाचच्या गटांत पुढे सोडवायला उरणारे एक-पंचमांश (गटांचे मीडियन) आणि जास्तीत जास्त सात-दशमांश (यादीचा उरलेला भाग) मिळून एकापेक्षा कमी भरतात, म्हणून काम झपाट्याने घटते; तीनच्या गटांत एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश मिळून पूर्ण एक होतो.

हा अभ्यासक्रम ६.००६ या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या पुढचा आहे. त्यामुळे इंडक्शनचा (एका पायरीवरून पुढची सिद्ध करत जाण्याच्या पद्धतीचा) सराव नसलेल्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ पाहायला सांगून सोडून देऊ नये. आधी दोन-तीन सिद्धता हाताने लिहून घ्याव्यात. तिसऱ्या व्याख्यानातील फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म (बहुपदींचा गुणाकार झटपट करायला उपयोगी पद्धत) मी सध्या वगळतो आणि ज्यांना रस आहे, त्यांनाच टिपणे देतो.