मारुती झेन (2004): ठेवावी की काढावी?

गाडी: झेन एलएक्सआय, पेट्रोल, 993 सीसी, एमएच 11. पासिंग 2029 पर्यंत.

जुन्या झेनबद्दल कुणी विचारलं की मी सांगते, बॉनेट नंतर उघडा, आधी खाली वाकून बघा. इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, चार सिलिंडरचं. ते तापू दिलं नाही, ऑइल आणि टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला, तर सहसा दगा देत नाही. ही गाडी जाते ती पत्रा गंजून. त्यातून साताऱ्याचा पाऊस, आणि कासकडे जाणं-येणं असेल तर चाकांवरच्या कमानीत चिखल बसून राहतो. वरून रंग चकाचक आणि खाली स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार.

माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट सुकेचना, तेव्हा गोडोलीतल्या मिस्त्रींकडे नेली. "काकू, इंजिनाला काय बी झालं न्हाई. पत्रा गेलाय." फ्लोअर आणि दोन्ही रनिंग बोर्ड (दारांखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) कापून नवा पत्रा, अंडरकोटिंग, क्लच प्लेट, पुढचे बुश, पेट्रोलचे रबरी पाइप, सगळं मिळून 38 हजारांचा अंदाज निघाला. एक्स्चेंजला गाडीचे 30 मिळत होते.

घरात लगेच निकाल लागला: 30 च्या गाडीवर 38 घालायचे म्हणजे वेडेपणा. मुलाने तर शोरूममधून कोटेशनही आणलं. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यापासून त्याच्या बोलण्याला जोर आहे. पण गाडीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च एका तागडीत घालणं मला पटत नाही. गाडी मला विकायची नाही, चालवायची आहे. 5 लाखांचं कर्ज 5 वर्षांसाठी 9 टक्क्यांनी घेतलं तर हप्ता 10 हजारांच्या पुढे जातो. म्हणजे चार हप्त्यांत माझी झेन उभी राहते, आणि पुढचं पासिंग येईपर्यंत तिने साथ दिली तरी मी फायद्यात. (तेव्हा मात्र फी बोचेल. वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाचे आता 10 हजार झालेत.)

रबरी पाइपांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपण सांगितल्याशिवाय मिस्त्री हे काम करत नाहीत. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि 2004 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. जुनं रबर, गॅस्केट त्याने लवकर खराब होतात. मायलेज थोडं घटेल ते सोसता येतं, पण बॉनेटखाली पेट्रोल पाझरलं तर गाडी पेटू शकते. इतर काही लांबवलं तरी हे लांबवू नका.

चालवायला अजून मजा आहे. मोती चौकात भाजीच्या गाड्यांमधून निघते, राजवाड्याजवळ चिमुकल्या जागेत मावते. यवतेश्वरचा घाट एसी बंद करून दुसऱ्या गिअरवर निमूट चढते. सीट खाली आहेत, उतरताना आमच्या ह्यांचे गुडघे बोलतात. काचा हाताने फिरवायच्या. पार्ट मिळतात, पण आतलं प्लॅस्टिक, दारांची हँडलं वगैरे जुन्या बाजारातच शोधावी लागतात.

एका बाबतीत मुलाचं बरोबर आहे, आणि तिथे मी वाद घालत नाही. या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सोय) नाही. 2019 पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, ती उगीच नाही. कराडकडे महामार्ग सहापदरी करायचं काम, डायव्हर्जन, मागे ऊस भरलेला ट्रक, अशा वेळी एवढासा पत्रा किती वाचवणार? नातीला घेऊन पुण्याला जायचं तर आम्ही मुलाची गाडी घेतो. झेन शहरात, घाटात आणि दिवसाउजेडी.

तेव्हा ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि महामार्गावरून रोजचं येणं-जाणं आहे, त्याने पत्र्यावर पैसे घालू नयेत, सरळ बदलावी. घरात दुसरी गाडी असेल आणि सडका पत्रा फ्लोअरपुरताच असेल, तर दुरुस्त करा. सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्रा गेला असेल तर मिस्त्रीने कितीही भरोसा दिला तरी हात जोडा.

माझ्या गाडीचा तो भाग शाबूत निघाला. मी 38 हजारांना हो म्हटलंय. नवी एचएसआरपी (सरकारने सक्तीची केलेली सुरक्षित नंबर प्लेट) तेवढी वेल्डिंग-रंग उरकल्यावर बसवायची आहे.